ठिणगीशिवाय वेल्डिंग : अल्ट्रासॉनिक मेटल वेल्डरच्या आत काय चालतं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी घेतला आहे.)

वेल्डिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळी काच, डोळे दिपवणारा निळसर उजेड, उडणाऱ्या ठिणग्या आणि तो जळका वास. आज ज्या मशीनबद्दल बोलायचं आहे त्यात यातलं काहीही नाही. तारा खाचेत ठेवायच्या, पेडल दाबायचं, 'च्यक' असा बारीक आवाज येतो आणि अर्ध्या सेकंदात काम संपतं. आमच्याकडे नवीन मुलगा लाइनवर आला की हमखास विचारायचा, "सर, झालं? पण ठिणगी कुठाय?"

ठिणगी नाहीच. आणि धातू वितळतही नाही. हा एक तुकडा मी आणलाय, तो मागच्या रांगेपर्यंत फिरवा. तांब्याच्या पाच वायरी आहेत, त्यांची टोकं एकत्र येऊन एक चौकोनी ठोकळी झालेली दिसेल. शिसं नाही, डाग नाही, कुठलाही चिकटवणारा पदार्थ नाही. नखानं सोडवून बघा. मोटारीच्या वायरिंग हार्नेसमध्ये असे जोड ठिकठिकाणी असतात, टेपच्या आत लपलेले. विजेच्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांत सेलच्या पट्ट्या अशाच जोडतात. म्हणजे हा जोड नीट झालाय की नाही, हे गाडी वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे. त्यात माझीही एक चूक आहे.

आधी नावाचं सांगतो. 'अल्ट्रासॉनिक'ला मराठीत श्राव्यातीत म्हणतात. स्वनातीत वेगळं, तो शब्द आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानासाठी. श्राव्यातीत म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचं. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. आमची मोठी मशिनं बरोबर याच सीमेवर चालतात, २० किलोहर्ट्झला. नाजूक कामाची ४० किलोहर्ट्झला.

आता मूळ प्रश्न. दोन धातू न वितळता चिकटतात कसे? खरं म्हणजे प्रश्न उलटा विचारायला हवा : दोन धातू एकमेकांवर ठेवले की ते आपोआप का चिकटत नाहीत? धातूचे अणू स्वच्छ आणि पुरेसे जवळ आले की ते जोडले जातात, त्यांना 'मी या पत्र्याचा, तू त्या पत्र्याचा' असं काही कळत नाही. पण ते जवळ येतच नाहीत. एक तर पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो सह्याद्रीसारखा असतो, डोंगर आणि दऱ्या. दोन सह्याद्री एकमेकांवर पालथे घातले तर किती ठिकाणी टेकतील? आणि दुसरं, त्यावर ऑक्साइडचा थर असतो. ॲल्युमिनियमचं उदाहरण घ्या. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याचं ऑक्साइड वितळायला २,००० अंशांच्या वर जावं लागतं. शिवाय ते कडक. मऊ गराला अंड्याचं कवच असावं तसं.

म्हणून हे कवच फोडायचं, बाजूला सारायचं, आणि मऊ धातू मऊ धातूवर दाबायचा. यासाठी काय करायचं? वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर दाबून धरायचा आणि आडवा घासायचा. अगदी थोडा, पण खूप वेळा. शिखरं घासून सपाट होतात, ऑक्साइडचे तुकडे होऊन विखुरतात, उघडा धातू उघड्या धातूला भेटतो. गरम होतो, हो, पण वितळबिंदूच्या बऱ्याच खाली राहतो. याचा मोठा फायदा तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना जोडताना होतो. हे दोन्ही वितळवून मिसळले तर मधे ठिसूळ संयुगांचा जाड थर तयार होतो. इथे वितळणंच नसल्यामुळे तो प्रकार फार कमी होतो.

ही 'आडवा घासायचा' गोष्ट महत्त्वाची आहे, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. प्लास्टिकची अल्ट्रासॉनिक वेल्डिंग मशिनं तुम्ही पाहिली असतील. त्यात कंपनं वरून खाली, ठोकल्यासारखी जातात आणि प्लास्टिक वितळतं. धातूच्या मशीनमध्ये कंपनं पत्र्याला समांतर असतात. दिसायला दोन्ही मशिनं भावंडं, आतले भागही तेच, पण काम निराळं.

आता मशीन उघडू. नेहमी शिकवताना विजेच्या प्लगपासून सुरुवात करतात. मी उलटा जाणार आहे, जोडापासून मागे. कारण या मशीनमधला प्रत्येक भाग जोडावर होणाऱ्या त्या एका हालचालीसाठी आहे.

जोडाला दोन भाग स्पर्श करतात. वर सोनोट्रोड, खाली ऐरण. ऐरण म्हणजे आपली लोहाराची ऐरणच, इंग्रजीतही तोच शब्द वापरतात. दोघांच्या तोंडावर बारीक दाते कोरलेले असतात, कानशीसारखे. हे दाते पत्रा पकडतात. सोनोट्रोडचे दाते वरच्या पत्र्याला धरून हलतात, ऐरणीचे दाते खालच्या पत्र्याला हलू देत नाहीत. म्हणजे सरकणं फक्त दोन पत्र्यांच्या मधे व्हायला हवं. सोनोट्रोडच पत्र्यावर घसरला तर पत्र्याची वरची बाजू खरवडते, आत काहीच होत नाही. खालचा पत्रा ऐरणीवर घसरला तरी तेच. तुम्ही जात्याचा विचार करा. खालची तळी जमिनीवर फिरायला लागली तर पीठ पडेल का?

हालचाल किती? सोनोट्रोडचं टोक मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना समजा २० मायक्रॉन जातं, म्हणजे एकूण ४० मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. केसाच्या जाडीपेक्षा कमी! पण हे सेकंदाला २०,००० वेळा. गणित करून बघा, टोकाचा कमाल वेग सेकंदाला अडीच मीटर येतो. आणि त्वरण? गुरुत्वीय त्वरणाच्या ३०,००० पटींच्या वर. म्हणून सोनोट्रोड साध्या लोखंडाचा करून चालत नाही, कठीण केलेलं टूल स्टील लागतं. त्यावर कोपऱ्यात एखादी ओरखड राहिली तरी तिथून तडा सुरू होतो.

आता माझा आवडता भाग. सोनोट्रोडला लोक 'टूल' म्हणतात, जणू छिन्नी-पटाशीसारखं काहीतरी. तसं नाही. सोनोट्रोड हे वाद्य आहे. त्याची लांबी मनाला येईल तशी ठेवता येत नाही. धातूच्या दांड्यात आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर जातो. त्याला २०,०००नं भागा, पाव मीटर येते तरंगलांबी. तिच्या निम्मी म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. २० किलोहर्ट्झच्या मशीनचा प्रत्येक भाग साधारण एवढा असतो. दांडा एवढ्या लांबीचा असला की तो त्या वारंवारतेला स्वतःहून कंप पावायला तयार असतो. दोन्ही टोकं जोरात हलतात, मधला भाग जागचा हलत नाही. शाळेत निस्पंद आणि प्रस्पंद शिकलात ना, तेच. जोरात हलणारं टोक प्रस्पंद, स्थिर मध्य निस्पंद. ४० किलोहर्ट्झच्या मशीनचे भाग निम्मे, सहा सेंटिमीटरचे. मशीनच्या कव्हरवरचं लेबल न वाचता नुसत्या आकारावरून ते कितीचं आहे हे सांगता येतं.

सोनोट्रोडच्या मागे बूस्टर. दोन्ही बाजूंना जोडणी असलेला, मधे कडं असलेला दांडा, बहुतेक टायटॅनियमचा किंवा ॲल्युमिनियमचा. त्याची कामं दोन. पहिलं, हालचाल वाढवणं. दांड्याची मागची बाजू जाड, पुढची बारीक, आणि ही पायरी बरोबर निस्पंदावर. मागच्या बाजूचं क्षेत्रफळ पुढच्याच्या दुप्पट असेल तर पुढचं टोक साधारण दुप्पट हलतं. पोतराजाचा आसूड बघा, मुठीकडे जाड, शेंड्याकडे बारीक. हात थोडासाच हलतो, शेंडा कडाडतो. तत्त्व त्याच घराण्यातलं. एकास दीड, एकास दोन असे बूस्टर मिळतात, उलटे लावले तर हालचाल कमीही करतात. दुसरं काम म्हणजे पकडायला जागा देणं. कंप पावणारी वस्तू धरायची कुठे? कुठेही धरली तर कंपनं हातात जातील, टाळ मुठीत पकडून वाजवल्यासारखं होईल. टाळाला दोरी कुठे ओवतात? मधोमध. बूस्टरचं कडं त्याच कारणानं मधे, निस्पंदावर असतं. मशीन त्याला तिथे धरतं आणि तिथूनच खाली दाब देतं.

दाबाबद्दल फार बोलत नाही. हवेचा सिलिंडर किंवा सर्वो मोटर खाली ढकलते, एवढंच. एक अडचण मात्र सांगतो. सगळे दांडे आडवे एका रांगेत, आणि दाब पुढच्या टोकावर वरून खाली. म्हणजे लांब काठीच्या टोकाला वजन लटकवल्यासारखं, ती वाकायला बघते. यावर एक वेगळी रचना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये एरोप्रोजेक्ट्स नावाच्या कंपनीत या तंत्राचं सुरुवातीचं काम झालं. त्या परंपरेतल्या मशीनमध्ये आडवा दांडा एका उभ्या दांड्याला डोलावतो आणि दाब त्या उभ्या दांड्याच्या डोक्यावरून सरळ खाली येतो. बाकी बहुतेक मशिनं आडव्या रांगेची, मीही आयुष्यभर तीच हाताळली.

आणखी मागे गेलं की येतो ट्रान्सड्यूसर, कारागिरांच्या भाषेत 'कन्व्हर्टर'. इथे विजेची हालचाल होते. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. म्हणून हे दाबविद्युत. उलटही होतं, वीज दिली की स्फटिक किंचित आखडतो किंवा फुगतो. मग पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पिएर क्युरींचेच विद्यार्थी पॉल लान्जव्हाँ यांनी १९१७ च्या सुमारास क्वार्ट्झच्या चकत्या पोलादाच्या दोन पाट्यांमधे घालून पाण्यात आवाज सोडायचं साधन बनवलं. आपल्या वेल्डरमधला ट्रान्सड्यूसर आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पाणबुडीपासून निघून हेडलाइटच्या वायरीपर्यंत आलेली ही वस्तू आहे.

आता क्वार्ट्झ नाही, शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडची भाजलेली सिरॅमिक असते, तिला पीझेडटी म्हणतात. तिच्या मधे भोक असलेल्या चकत्या, मेदूवड्यासारख्या. दोन, चार, सहा अशा एकावर एक रचतात, मधे धातूच्या पातळ पट्ट्या, मागे पोलादाचा जड ठोकळा, पुढे ॲल्युमिनियमचा किंवा टायटॅनियमचा हलका ठोकळा, आणि भोकातून एक भक्कम बोल्ट. पुढचा हलका का? मागचा जड ठोकळा कमी हलतो, पुढचा जास्त. आपल्याला हालचाल पुढेच हवी आहे.

पण बोल्ट इतका आवळायचा कशाला? सिरॅमिक म्हणजे शेवटी चिनी मातीच्या कपाचं नातलग. दाब कितीही सोसेल, ताण सोसत नाही. कंपनात ती एकदा आखडते, एकदा ताणली जाते, आणि ताणली की फुटते. म्हणून तिला आधीच इतकी दाबून ठेवायची की ताणाच्या क्षणीही ती दबलेलीच राहील, फक्त थोडी कमी. त्या बोल्टला कुणी 'जरा सैल वाटतोय' म्हणून पाना लावला की ट्रान्सड्यूसर गेला म्हणून समजा.

उष्णताही तिची शत्रू. साधारण ३०० अंशांच्या आसपास हा गुण पूर्ण निघून जातो, त्या तापमानालाही क्युरींचंच नाव आहे. नुकसान मात्र त्याच्या बरंच आधी सुरू होतं. म्हणून ट्रान्सड्यूसरवर हवेचा झोत सोडलेला असतो. ती हवा कोरडी आणि तेलविरहित हवी. इथे कॉम्प्रेसरवाले बसले असतील तर त्यांनी मनावर घ्यावं. (हशा)

सगळ्यात शेवटी जनरेटर. नाव ऐकून डिझेलचा जनरेटर समजू नका. हा विजेचा रूप बदलणारा डबा. भिंतीतून ५० हर्ट्झची वीज घेतो, तिची डीसी करतो, मग ट्रान्झिस्टर चालू-बंद करून तिची २०,००० हर्ट्झची उच्चदाबाची वीज करून चकत्यांना देतो. इतकंच असतं तर स्वस्तात झालं असतं. खरी गंमत अशी, की बरोबर २०,००० देऊन चालत नाही. सोनोट्रोड तापला की त्याची स्वतःची वारंवारता उतरते. दाते झिजले की बदलते. जोडावर दाबला की पुन्हा बदलते. झोपाळ्यावर मूल बसलंय आणि तुम्ही झोका देताय. तुम्ही घड्याळ बघून देता का? नाही, मूल परत येतं तेव्हा देता. ते पुढे सरकून बसलं तर झोक्याची लय बदलते, तुमचा हातही बदलतो. जनरेटर तेच करतो. व्होल्टेज आणि करंट एका तालात आहेत का हे सतत बघत राहतो आणि ताल सुटला की वारंवारता हलवतो, सेकंदाच्या छोट्याशा भागात. शिवाय भार वाढला तरी हालचाल कमी होऊ द्यायची नाही, त्यासाठी शक्ती वाढवतो. म्हणजे तुम्ही ठरवता ती हालचाल, शक्ती किती लागेल ते जोड ठरवतो.

हे वाक्य नीट घ्या, कारण माझी चूक इथेच आहे.

मशीनला काम कधी थांबवायचं हे तीन प्रकारे सांगता येतं. इतका वेळ चाल, किंवा इतकी ऊर्जा दे, किंवा इतकी उंची कमी होईपर्यंत चाल. आम्ही ऊर्जेवर चालवायचो. समजा १,००० जूल. फार नाही हं, एवढ्यात एक लिटर पाणी पाव अंशानं तापेल. दोन किलोवॉट घेतले तर अर्ध्या सेकंदात पुरे. हे झाले की मशीन थांबतं, हिरवा दिवा लागतो.

मी एका हार्नेसच्या कारखान्यात होतो, नाव नको. एका मशीनचा वेळेचा अलार्म सारखा वाजायचा, 'जास्त वेळ लागला'. रात्रपाळीचं टार्गेट अंगावर. मी काय केलं? वेळेची वरची मर्यादा वाढवून ठेवली. अलार्म थांबला. सगळे दिवे हिरवे. काही दिवसांनी ग्राहकाकडून फोन. जोड हातानं ओढला की वायरी सुटतायत, काही गाड्यांत दिवे मधेच जातायत. तीन दिवस आम्ही तयार हार्नेसच्या टेपा उकलत बसलो होतो.

निघालं काय? ऐरणीचा एक बोल्ट सैल. सोनोट्रोड हलायचा, वायरी हलायच्या आणि ऐरणही सोबत डोलायची. जात्याची तळी फिरत होती! वायरींमधे घासणं कमी, म्हणून मशीनला शक्ती कमी लागायची. शक्ती कमी म्हणजे तेवढेच जूल भरायला वेळ जास्त. मशीन बिचारं प्रामाणिकपणे सांगत होतं, 'अहो, वेळ जास्त लागतोय.' मी त्याचं तोंड बंद केलं. १,००० जूल गेले हे मशीनला कळतं, पण ते जोडात गेले की ऐरणीच्या बोल्टात, हे त्याला कळत नाही.

दिवा गेला तर निदान कळतं. बॅटरीत काय होईल बघा. समजा २०० अँपिअर जातायत आणि जोडाचा रोध एक दशांश मिलिओहम आहे, तर तिथे ४ वॉट उष्णता. जोड कच्चा राहून रोध एक मिलिओहम झाला तर ४० वॉट, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री सेलला चिकटवून ठेवल्यासारखं. म्हणून आता मी जिथे जातो तिथे सांगतो : ऊर्जेवर चालवा, पण वेळ, कमाल शक्ती आणि आधीची-नंतरची उंची, तिन्हींच्या मर्यादा चांगल्या जोडांवरून घट्ट ठरवा. आणि दर पाळीला काही जोड ओढून, सोलून, फाडून बघा. चांगला जोड सोलला की सांध्यावर सुटत नाही, शेजारचा धातू फाटतो.

*प्रश्न : सोनोट्रोडला तडा गेला हे बाहेरून कसं कळतं?*

मडकं विकत घेताना काय करता? टिचकी मारता. तडा असला की 'बद्द' वाजतं. इथे टिचकी जनरेटर मारतो. जोडाला न टेकवता मशीन क्षणभर हवेत चालवायचं. निरोगी संच हवेत फार थोडी शक्ती घेतो. ती वाढली किंवा वारंवारता नेहमीपेक्षा उतरली, तर काहीतरी बिघडलंय, तडा तरी गेलाय किंवा जोडणी सैल आहे. रोज सकाळी हे दोन आकडे वहीत लिहा. फार स्वस्त तपासणी आहे, पण लिहिणारे कमी.

*प्रश्न : आवाज ऐकू येत नाही म्हणता, मग ऑपरेटर कानात बोळे का घालतात?*

बरोबर पकडलंत. मूळ २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, पण पत्रे आणि वायरी त्यामुळे थरथरतात आणि त्यातून खालच्या वारंवारतेचा कर्कश आवाज निघतो. आणि ऐकू येत नाही म्हणून कानावर ताण नाही असं मी धरणार नाही. बोळे घालायचेच.

*प्रश्न : माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. जुनं मशीन घेतलंय. ट्रान्सड्यूसर मीच उघडून बदलला तर चालेल का?*

सोनोट्रोड आणि बूस्टर काढायला हरकत नाही. दिलेले पाने वापरा, ठरलेल्या टॉर्कलाच आवळा, आणि टेकणारी तोंडं कोरडी, स्वच्छ, सपाट ठेवा. पॉलिश पेपरनं घासू नका, घासताना कडा गोल होतात आणि मग तिथेच उष्णता निघते. ट्रान्सड्यूसर पूर्ण बदला, आतल्या चकत्यांना हात लावू नका. आणि एक गोष्ट : मशीन बंद आहे, प्लग काढलाय, म्हणून बिनधास्त होऊ नका. चकत्या दाबल्या किंवा तापून गार झाल्या तरी त्यांच्यावर भार साठतो, चांगला झटका बसतो. मला बसलाय. हात लावायच्या आधी त्याची दोन टोकं वायरनं एकमेकांना जोडून शॉर्ट करा, आणि काम संपेपर्यंत ती वायर तशीच राहू द्या.